मलिद्याचे ताट : कोकण ते इस्रायल

मराठी बोलण्यात 'मलिदा' हा शब्द आज बहुधा उपहासाने येतो. सत्तेच्या किंवा कंत्राटाच्या आडून एखाद्याला अनायासे लाभ झाला की 'त्याने मलिदा खाल्ला' असे म्हटले जाते. शब्दाचे मूळ फारसी आहे. 'मालीदा' म्हणजे चोळलेले, कुस्करलेले. पोळी किंवा रोटी कुस्करून तीत तूप व गूळ कालवला की मलिदा होतो, आणि दर्ग्यांतून, उरुसांतून तो प्रसाद म्हणून वाटला जातो. परंतु याच मराठीच्या एका लहान शाखेत, म्हणजे कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या बोलीत, हा शब्द पूर्ण गांभीर्याने वापरला जातो. तेथे मलिदा म्हणजे एलियाहू हन्नबी यांच्या, अर्थात संदेष्टा एलियाच्या, नावाने फेडलेला नवस. त्यासाठी मांडलेले ताट. आणि त्या ताटाभोवती जमलेली माणसे. या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात सामावतात.

हे ताट कोकणातून निघाले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेगेव्हच्या वाळवंटापर्यंत गेले. देशांतर करणारा प्रत्येक समाज सणाचे जेवण बरोबर नेतो, हे खरेच. बेने इस्राएलांच्या बाबतीत मात्र या साध्या गोष्टीला एक वेगळाच पेच पडला. ज्या भूमीचे स्मरण म्हणून ते कोकणात सण पाळीत होते, त्याच भूमीत ते जाऊन पोहोचले. आणि तेथे गेल्यावर त्या सणाचे अन्न त्यांना कोकणाचे स्मरण देऊ लागले. घर कोणते आणि परदेश कोणता, हा प्रश्न या समाजाच्या इतिहासात ताटावर मांडलेला दिसतो.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज समुद्रमार्गे येत असता त्यांचे गलबत अलिबागजवळ नवगाव येथे फुटले, आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून हा समाज वाढला. या कथेचा काळ ठरवणे अवघड असले तरी समाजाचे पुढील जीवन पुरेसे स्पष्ट आहे. तेल गाळणे हा त्यांचा व्यवसाय. शनिवारी घाणा बंद. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. आडनावे त्यांनी गावांवरून घेतली : केहिमकर, दिवेकर, पेणकर, अष्टमकर, नवगावकर. हिब्रू भाषा व धर्मग्रंथ विस्मृतीत गेले. 'शमा' ही एकेश्वराची घोषणा, मुलग्यांची सुंता, शब्बाथ, आहाराचे काही नियम आणि काही सण व उपवास एवढेच शिल्लक उरले. शेजारच्या हिंदू समाजाचा आदर राखून त्यांच्यातील जुन्या पिढ्या गोमांस वर्ज्य मानीत. ज्यू परंपरेतील हनुक्का हा सण त्यांना ठाऊक नव्हता. त्या सणाला कारण झालेल्या घटनेपूर्वीच पूर्वजांनी मायदेश सोडला असावा, असे अनुमान समाजातील इतिहासकारांनी यावरून काढले.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो १९३७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, तेल अवीव येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातील सणांची यादी मराठी भाषेच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. रोश हशाना, म्हणजे ज्यू वर्षारंभ, हा बेने इस्राएलांचा 'नव्याचा सण'. त्यानंतर येणारा 'खिरीचा सण'. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी घराची दारे बंद करून उपवास करायचा, म्हणून तो 'दारफळणीचा सण', आणि त्याचा दुसरा दिवस 'शिळा सण'. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तिशा बआव. त्याचे नाव 'बिरड्याचा सण', कारण उपवास सोडताना मोड आलेल्या वालाचे बिरडे जेवायचे. वल्हांडण सणात खमीर वर्ज्य असते. त्या सणाला ते 'अनशी ढाकण्याचा सण' म्हणत, म्हणजे आंबट रसाचे मडके आठ दिवस झाकून ठेवण्याचा सण. शेवाट महिन्याच्या पौर्णिमेला, वृक्षांच्या नववर्षाच्या दिवशी, 'एलियाहू हन्नबीचा उरूस' भरे. पुरिम हा 'होळीचा सण', आणि उपवासांना शब्द 'रोजा'.

या नावांत हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांची भाषा सहजपणे मिसळली आहे, हे तर उघड आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की यांतील निम्मी नावे स्वयंपाकघरातून आली आहेत. सणामागील पौराणिक प्रसंग विसरला गेला; फारोची गुलामगिरी, मंदिराचा दाह, एस्तेर राणीची कथा यांपैकी काहीही लोकांच्या तोंडी उरले नव्हते. उरले ते मडके, खीर आणि बिरडे. ग्रंथ हरवल्यावर पंचांगाचे काम चुलीने केले. अमुक तिथीला अमुक शिजवायचे नाही आणि अमुक शिजवायचे, एवढ्या ज्ञानावर एका समाजाने आपले वेगळेपण कित्येक पिढ्या सांभाळले. ज्या हातांनी हे सांभाळले ते अर्थातच स्त्रियांचे होते.

समाजाची एक प्रसिद्ध आख्यायिका हेच सांगते. दावीद रहाबी नावाचा एक ज्यू विद्वान कोकणात आला. तो नेमका कोणत्या शतकात आला याविषयी अभ्यासकांत मोठा मतभेद आहे. हे शनवार तेली खरोखर इस्राएलाची संतती आहेत काय, याची त्याला खात्री करून घ्यायची होती. त्याने स्त्रियांपुढे निरनिराळ्या जातींचे मासे ठेवले आणि ते रांधण्यास सांगितले. स्त्रियांनी पर व खवले असलेले मासे तेवढे वेगळे काढले आणि उरलेले आपण खात नाही म्हणून बाजूला सारले. तोराहचा नियम तोच आहे. रहाबीची खात्री पटली. त्याने त्यांच्यातील काही पुरुषांना धर्मशिक्षण देऊन 'काजी' नेमले. आख्यायिकेचा ऐतिहासिक भाग कितीही असो, तिचा न्याय स्पष्ट आहे : पुरावा म्हणून स्वयंपाकघर पुरेसे आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चित्र पालटले. १७९६ मध्ये सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी मुंबईत शाआर हारहमीम हे सिनेगॉग उभारले. कोचीनचे ज्यू शिक्षक आले. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा आल्या. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. सणांना त्यांची हिब्रू नावे व कथा परत मिळाल्या. वल्हांडणाच्या रात्री जेवणाच्या मेजावर वाचायचा 'हग्गादा' हा ग्रंथ १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाला, आणि १८७४ मध्ये पुण्याहून त्याची सचित्र आवृत्ती आली. या पुणे आवृत्तीतील चित्रांत बेखमीर रोटी तयार करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडच्या पोशाखात, जमिनीवर बसून पीठ मळताना, लाटताना व भाजताना दिसतात. मिसरातून सुटकेची कथा सांगणाऱ्या ग्रंथाच्या आरंभी पोळपाट-लाटण्याचे घर असावे, यात त्या चित्रकाराला काही विसंगत वाटले नाही. १८८० मध्ये याच समाजाने मराठी कीर्तनाचा प्रकार स्वीकारला आणि अब्राहामादी पूर्वजांची आख्याने साकी-दिंडीत गायिली जाऊ लागली. धर्म शुद्ध होत गेला, तरी त्याची भाषा व चव मराठीच राहिली.

मलिदा हे या संयोगाचे सर्वांत बोलके उदाहरण होय. लग्नाआधी, गृहप्रवेशाला, आजारातून उठल्यावर, नव्या कामाच्या आरंभी किंवा नवस फेडताना मलिदा मांडला जातो. भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, जायफळ, सुका मेवा हे एकत्र कालवून मोठ्या ताटात रास करतात. तिच्याभोवती केळी, खजूर व इतर फळे मांडतात. सोबत गुलाब आणि सब्जाची डहाळी असते. पुरुष ताटाभोवती बसतात, एलियाहू हन्नबीचे हिब्रू स्तोत्र गातात, आणि मग झाडाच्या फळासाठी, भूमीच्या उपजेसाठी, सुवासासाठी वेगवेगळे आशीर्वचन म्हणून वाटप होते. नावाचा मलिदा शेजारच्या मुसलमानांचा, पोहे-नारळ कोकणाचे, आशीर्वचने हिब्रू. त्यात मांस नाही आणि दूधही नाही. म्हणून मांस व दूध एकत्र न खाण्याचा नियम न मोडता तो मटणाच्या जेवणाआधीही वाटता येतो. बेने इस्राएलांच्या साऱ्या स्वयंपाकात नारळाच्या दुधाला जे स्थान आहे, त्याचेही कारण हेच. नव्या वर्षासाठी केला जाणारा गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात शिजतो, त्यामुळे तो कोणत्याही जेवणाबरोबर चालतो. धर्मशास्त्राची अट आणि कोकणाचे पीक यांचा असा मेळ बसला होता.

एलियाचे स्थानही कोकणात होते. अलिबागजवळील खंडाळे येथे एका खडकावर त्याच्या रथाच्या व घोड्याच्या खुणा उमटल्या आहेत, अशी श्रद्धा आहे. तेथूनच तो स्वर्गारोहण करता झाला असे मानून लोक तेथे मलिदा नेत. बायबलमधील भूगोल अशा रीतीने आपल्या तालुक्यात आणल्यावर पवित्र भूमी ही दूर राहिलेली गोष्ट नव्हती. ताटात मात्र एक वस्तू दुरून आलेली असे. पोहे, नारळ, केळी घरची. खजूर समुद्रापलीकडून, आखाताकडून आलेला. वल्हांडणाच्या रात्रीही खजूर शिजवून, गाळून, आटवून त्याचा गोड 'शिरा' करीत. द्राक्षारसाच्या जागी सुक्या मनुका भिजवून पिळलेले सरबत असे. मूळ भूमीची आठवण ही अशी वाळवलेल्या फळांच्या रूपाने बाजारातून विकत आणावी लागे.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाले. त्या वेळी भारतात वीस हजारांच्या आसपास बेने इस्राएल होते. पुढील दोन-तीन दशकांत त्यांच्यातील बहुसंख्य तिकडे गेले. भारतातून कोणी त्यांना हाकलले नव्हते. छळाची आठवण घेऊन न जाणाऱ्या थोड्या ज्यू समाजांपैकी हा एक होता. म्हणूनच तेथील पहिली वर्षे त्यांना अधिक बोचली. नव्या राष्ट्रात शिधावाटपाचा काळ चालू होता. बीरशेबासारख्या गावांत, तंबूंच्या व पत्र्याच्या वस्त्यांत राहताना मिळणारे अन्न अनोळखी होते. तांदूळ, मसाले, नारळ दुर्मिळ होते. गोऱ्या ज्यूंना पांढरा पाव आणि आपल्याला काळा, असा भेद केला जातो, ही तक्रार याच काळातली. १९५१ च्या अखेरीस काही बेने इस्राएलांनी आपल्याला भारतात परत पाठवावे म्हणून तेल अवीवमध्ये धरणे धरले, आणि १९५२ मध्ये त्यांतील काही कुटुंबे खरोखर परत आली. पुढे त्यांच्यातील अनेक जण पुन्हा इस्रायललाच गेले. पावाचा रंग हे त्या भांडणाचे एकमेव कारण नव्हे. नोकरी, घर, वागणूक ही कारणे होतीच. तरी अपमानाची भाषा अन्नातून बोलली गेली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

याहून मोठा आघात पुढे झाला. बेने इस्राएलांचे विवाह व घटस्फोट शास्त्रानुसार झाले आहेत काय, याबद्दल काही रब्बींनी संशय घेतला. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या पीठाने नियम काढला की या समाजातील व्यक्तीने इतर ज्यूंशी विवाह करायचा असल्यास तिच्या आईकडील वंशाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी व्हावी. ज्या समाजाने ग्रंथांवाचून शतके काढली, त्याच्याकडे वंशाची कागदपत्रे मागितली गेली. रहाबीच्या आख्यायिकेत मासे निवडणाऱ्या बायकांचा हात हाच दाखला मानला गेला होता. जेरुसलेममध्ये त्या दाखल्याला किंमत उरली नाही. आपण ज्यू आहोत हे कोकणात ज्यांना कधी सिद्ध करावे लागले नव्हते, त्यांना ते ज्यूंच्या राष्ट्रात सिद्ध करावे लागले. समाजाने निकराने लढा दिला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये मोठे आंदोलन झाले. ऑगस्टमध्ये क्नेसेट या संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत असे जाहीर केले, आणि रब्बींच्या पीठाला आपल्या नियमातून या समाजाचे नाव वगळावे लागले.

अशा परिस्थितीत एखाद्या समाजाने आपले वेगळे विधी सोडून देऊन इतरांसारखे होण्याचा प्रयत्न केला असता, तर ते नवल नव्हते. मलिदा हा तर सहज संशय घेता येण्याजोगा विधी. त्याचे नाव फारसी, ताट नैवेद्यासारखे, आणि इतर ज्यूंना तो अपरिचित. पण मलिदा टिकला. लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा आणि १९५५ मध्ये वसलेले दिमोना या गावांतील बेने इस्राएल घरांत लग्नापूर्वी व नवसाला तो मांडला जात राहिला. खंडाळ्याच्या खडकाची जागा हैफा येथील कार्मेल डोंगरावरच्या एलियाच्या गुहेने घेतली. बेने इस्राएल तेथे यात्रेला जाऊन मलिदा करू लागले. एलिया त्यांचा बरोबर आणलेला देवदूत होता की तेथे अगोदरच वाट पाहणारा, हा प्रश्न त्यांना पडला नसावा. मात्र कोकणातून आणलेल्या या विधीला बायबलमधील स्थानाचा आधार मिळाला, आणि कार्मेलवर मलिद्याचे ताट मांडणाऱ्या समाजाच्या ज्यू असण्याविषयी शंका घेणे त्या ताटासमोर तरी अवघड झाले.

ताटाच्या आत मात्र एक उलटापालट झाली होती. नेगेव्ह व अरावा या भागांत खजूर भरपूर पिकतो. कोकणात जे फळ दूरच्या पवित्र भूमीचे चिन्ह होते, ते आता कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागले. त्यातील नवस संपला. द्राक्षारसही हवा तितका मिळू लागला, आणि मनुकांच्या सरबताची गरज उरली नाही. याउलट, जो नारळ कोकणात परसातून उतरवून घेत, तो आता दुरून मागवायची वस्तू झाली. पोहे तसेच. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या सामानातून, आणि पुढे भारतीय वाणसामानाच्या दुकानांतून, ही सामग्री जमवावी लागली. जे घरचे होते ते परदेशी झाले, आणि जे परदेशी होते ते घरचे झाले. सामग्री तीच, आशीर्वचनेही तीच. परंतु ताट ज्या दिशेकडे तोंड करून होते ती दिशा बदलली. कोकणात मलिद्याने या माणसांना मराठी लोकांत ज्यू म्हणून राखले होते. इस्रायलमध्ये त्याने त्यांना ज्यू लोकांत मराठी म्हणून राखले.

हे राखणे सर्वस्वी यशस्वी झाले असे म्हणता येणार नाही. इस्रायलमधील इतर काही समाजांचे घरगुती सण राष्ट्रीय जीवनात शिरले. मोरोक्कोच्या ज्यूंचा मिमूना हा वल्हांडणानंतरचा गोड पदार्थांचा सण सर्वत्र साजरा होतो. इथिओपियाच्या ज्यूंच्या सिग्द या सणाला २००८ मध्ये कायद्याने राष्ट्रीय मान्यता मिळाली. मलिदा तुलनेने बेने इस्राएलांच्या उंबरठ्याच्या आतच राहिला. भाषेचे भवितव्य तर त्याहून नाजूक आहे. १९८० च्या दशकात इस्रायलमध्ये 'मायबोली' हे मराठी नियतकालिक सुरू झाले, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी घटना आहे. पण ते वाचणारी पिढी भारतात शिकलेली होती. नातवंडांची भाषा हिब्रू आहे. घरातील व्यवहार हिब्रूत चालू झाला की मराठी शेवटी जेथे उरते ती जागा स्वयंपाकघर हीच असते. खोवणे, वाटणे, बिरडे, चीक यांना हिब्रूत तितकेच नेमके शब्द नाहीत. म्हणून पदार्थ उरतो तोवर शब्दही उरतो. 'बिरड्याचा सण' या नावातही कधी काळी हेच घडले होते. फरक एवढाच की तेव्हा हिब्रू हरवली होती आणि मराठीने सण जपला. आता मराठी हरवत आहे.

या साऱ्याची दुसरी बाजू मागे राहिलेल्यांची आहे. भारतात आज हा समाज काही हजारांवर आला आहे. कोकणातील अनेक सिनेगॉगांत प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमत नाहीत. एस्थर डेव्हिड यांच्या 'बुक ऑफ रेचेल' या इंग्रजी कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिची नायिका अशाच एका कोकणी गावात एकटी राहून सिनेगॉगची देखभाल करते. मुले इस्रायलला गेली आहेत. कादंबरीचे प्रत्येक प्रकरण एका पाककृतीने सुरू होते. कादंबरीच्या रूपबंधातील हा प्रयोग नवलाईसाठी केलेला नाही. केहिमकरांच्या यादीत ज्या समाजाने आपले पंचांग पदार्थांच्या नावांनी लिहिले, त्याच समाजातील लेखिकेला आपल्या कथेची प्रकरणे पदार्थांनी आरंभावीशी वाटली, हे परंपरेला धरूनच आहे.

बेने इस्राएलांचे मराठी वाङ्मय, म्हणजे त्यांची कीर्तने, हग्गादा, नियतकालिके आणि गाणी, मराठी वाङ्मयेतिहासात अद्याप तळटिपेपुरते येते. ते त्याच्या जागी आणताना छापील ग्रंथांबरोबर सणांची ही घरगुती नावेही जमेस धरावी लागतील. कागदपत्रांवरून माणसांची परीक्षा केली तर काय निसटते, याचा अनुभव त्या समाजाने १९६२ मध्ये घेतला आहे. वाङ्मयाच्या इतिहासकारांनी तीच चूक करू नये. खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण ही नावे उच्चारणारी माणसे अजून अलिबागेत, मुंबईत आणि दिमोनात आहेत. त्यांच्याकडून ती ऐकून लिहून ठेवण्याचे काम या पिढीतच व्हावयास हवे.